टाकीवरच्या पाय झीरोसाठी लॅपटॉपवर बिल्ड: लिंकरच्या एररचे तीन आठवडे

शनिवार, ८ जून २०२४, ऐरोली

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, एका प्लास्टिकच्या डब्यात २०२० पासून रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड बसवलेला आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीतली पातळी सांगतो, पंपाच्या पॅनलमधला मीटर आरएस-४८५ ह्या वायरवरच्या जोडणीने मोटरचा करंट सांगतो, आणि माझा सी प्रोग्रॅम दोन्ही बघून रिलेतून पंप बंद करतो. पातळी एमक्यूटीटी ह्या संदेश पाठवायच्या पद्धतीने मोबाइलवरही जाते. आजपर्यंत मी प्रोग्रॅम बोर्डावरच कंपाइल करत, म्हणजे सी कोडपासून चालणारी फाइल बनवत आलो. फाइली लहान होत्या, कधी अडलं नाही.

गेल्या महिन्यात कमिटीने विचारलं, एप्रिलमध्ये पंप एकूण किती तास चालला? मी टेक्स्ट फाइल उघडली तर मधले नऊ दिवस गायब. लाइट जाताना लिहिली जात असलेली फाइल बिघडली होती. म्हणून नोंदी एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवायचं ठरवलं. एसक्यूलाइटचा सगळा कोड एकाच सी फाइलमध्ये मिळतो, पण ती फाइल दोन लाखांहून जास्त ओळींची आहे. बोर्डाला एकच कोर, ५१२ एमबी रॅम.

गुरुवारी रात्री ती फाइल बोर्डावर कंपाइलला लावली. अकरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात रॅम संपून बोर्ड स्वॅपमध्ये (कार्डावरच्या जागेत) गेला, पातळी वाचणारा प्रोग्रॅम खोळंबला आणि पंप बंद करायचा राहिला. पंप बघणारे काका पाचव्या मजल्यापर्यंत पळत आले. म्हणाले, "दादा, टाकी वाहतेय. जिन्यात पाणी आलंय. तुमचं मशीन झोपलं काय?" त्यांनीच खाली जाऊन स्टार्टर पाडला. पाण्याच्या बाबतीत आमची सोसायटी हळवी आहे, आणि ते बरोबरच आहे. त्या रात्री ठरवलं की ह्या बोर्डावर यापुढे काहीही कंपाइल करायचं नाही. बिल्ड, म्हणजे कंपाइल आणि मग लिंकरने सगळे तुकडे जोडणं, लॅपटॉपवर करायचा आणि बोर्डावर फक्त तयार फाइल न्यायची.

बोर्डाची ऑपरेटिंग सिस्टिमही बदलायची नाही. ती रास्पबियन बस्टर आहे, जुनी आहे, पण चार वर्षं बिनतक्रार चालली आहे. उन्हाळा संपेपर्यंत तिला हात लावणं मला पटत नाही.

ह्या नोंदी दुसऱ्या कुणाला असंच काम करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितोय. आज्ञा आणि एरर उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत.

आजचा खर्च: लॅमिंग्टन रोडवरून चाचणीसाठी दुसरा पाय झीरो डब्ल्यू, १,६५० रुपये. ३२ जीबी कार्ड, ४२० रुपये. गच्चीवरच्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल ह्या कार्डावर उतरवली. हे ज्यांना शक्य आहे त्यांनी पहिल्याच दिवशी करावं. चालू बोर्डावर प्रयोग केले की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

रविवार, ९ जून

लॅपटॉपवर उबुंटू २२.०४. त्यातलाच तयार क्रॉस कंपायलर (एका मशीनवर बसून दुसऱ्या मशीनसाठी कंपाइल करणारा) एपीटीने, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने घेतला, आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ नावाचा. एक ओळ छापणारा प्रोग्रॅम कंपाइल झाला, लिंकही झाला. बोर्डावर नेऊन चालवला तर उत्तर आलं: व्हर्जन जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड.

जीलिबसी ही लिनक्सवरच्या सी प्रोग्रॅमची मूळ लायब्ररी. लॅपटॉपच्या क्रॉस कंपायलरसोबत तिची २.३५ आवृत्ती येते, बोर्डावर २.२८ आहे. नव्या लायब्ररीला लिंक केलेला प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर चालत नाही. जुन्यावर बांधलेला नव्यावर चालतो, उलटं नाही. मला वाटलं सोपं आहे, मायनस स्टॅटिक देऊ, म्हणजे लायब्ररी फाइलमध्येच येईल. दिलं. लिंक झालं. बोर्डावर: इलीगल इन्स्ट्रक्शन.

इथे एक तास वायरिंग आणि कार्ड तपासण्यात घालवला. त्याची काहीच गरज नव्हती. रीडएल्फ ह्या तयार फाइलची माहिती दाखवणाऱ्या आज्ञेला मोठा ए देऊन फाइल बघितली असती तर मिनिटात कळलं असतं. त्यात टॅग_सीपीयू_आर्च समोर व्ही७ लिहिलेलं होतं. पाय झीरोचा प्रोसेसर आर्म११ घराण्यातला, म्हणजे आर्मव्ही६. डेबियन आणि उबुंटू ज्याला आर्मएचएफ म्हणतात ते किमान आर्मव्ही७ धरून बांधलेलं असतं. रास्पबियनही स्वतःला आर्मएचएफच म्हणवतं, पण ते आर्मव्ही६ साठी वेगळं बांधलेलं आहे. नाव एक आणि माल दोन. माझा रविवार ह्या नावाने खाल्ला.

बुधवार, १२ जून

ऑफिसहून आल्यावर दोन तास.

कंपायलरला मायनस एमआर्च=आर्मव्ही६ दिलं. लगेच उत्तर: सॉरी, अनइम्प्लिमेंटेड, थंब-१ हार्ड-फ्लोट व्हीएफपी एबीआय. हा कंपायलर मुळात थंब पद्धतीच्या सूचना काढतो, आणि आर्मव्ही६ वर जुनं थंब हार्ड-फ्लोटसोबत जमत नाही. मायनस एमआर्म जोडलं, एमएफपीयू=व्हीएफपी जोडलं, कंपाइल झालं. बोर्डावर पुन्हा इलीगल इन्स्ट्रक्शन.

माझी ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला, अजून न जोडलेला तुकडा) तपासली तर ती खरोखरच व्ही६. तयार झालेला प्रोग्रॅम तपासला तर व्ही७. मग उलगडलं. प्रोग्रॅममध्ये फक्त मी लिहिलेला कोड नसतो. मेनच्या आधी चालणारी सीआरटी१.ओ ही फाइल, आणि स्टॅटिक केल्यामुळे लिबसी.ए, हे दोन्ही लिंकर आपणहून जोडतो, आणि ते उबुंटूने व्ही७ साठी आधीच कंपाइल करून ठेवलेले आहेत. मी दिलेला फ्लॅग त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. ह्या टूलचेनने (कंपायलर, लिंकर आणि लायब्ररींच्या संचाने) पाय झीरोसाठी प्रोग्रॅम होणारच नाही, कितीही फ्लॅग द्या.

मग मी एक चुकीची उडी मारली. आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआय, एचएफ नसलेला, असाही कंपायलर एपीटीमध्ये असतो. तो जुन्या प्रोसेसरसाठी आहे म्हणजे चालेल, असं मी धरलं. एसक्यूलाइट उघडून एक ओळ लिहिणारा छोटा चाचणी प्रोग्रॅम त्याने बांधायला घेतला. लिंकरने सांगितलं: एसक्यूलाइट३.ओ युझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स, चाचणी डझ नॉट. खाली फेल्ड टू मर्ज टार्गेट स्पेसिफिक डेटा.

यात दोन चुका होत्या, दोन्ही माझ्या. एसक्यूलाइट३.ओ ही फाइल थोड्या वेळापूर्वी एचएफ कंपायलरने बनवलेली होती, मी मेक क्लीन (आधी बनलेल्या फाइली पुसणारी आज्ञा) न करता कंपायलर बदलला. आणि दुसरी, मोठी: एचएफ म्हणजे हार्ड-फ्लोट, दशांश आकडे फंक्शनला कोणत्या रजिस्टरमधून द्यायचे याचा करार. बोर्डावरची प्रत्येक लायब्ररी हार्ड-फ्लोट करारावर आहे. सॉफ्ट-फ्लोटचा प्रोग्रॅम तिच्याशी बोलूच शकत नाही. लिंकरने अडवलं हे चांगलंच झालं. त्याने जाऊ दिलं असतं तर पातळीचे आकडे कचरा आले असते आणि मी सेन्सरला दोष देत बसलो असतो.

ही एरर आली की मेक क्लीन, आणि प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर रीडएल्फ. टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज सगळीकडे हवं नाहीतर कुठेच नको.

शनिवार, १५ जून

स्वतःची टूलचेन बांधायची ठरली, क्रॉसटूल-एनजी वापरून. त्याचा मेन्यू उघडून प्रोसेसर आर्म११७६जेझेडएफ-एस, एफपीयू व्हीएफपी, फ्लोट हार्डवेअर, जीसीसी ११ आणि जीलिबसी बोर्डाइतकंच म्हणजे २.२८ असं भरलं. कर्नलचे हेडर बोर्डाच्या कर्नलपेक्षा नवे घेऊ नयेत. माझ्या दृष्टीने ह्या सगळ्यात जीलिबसीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. तो बोर्डाशी जुळवला की पहिल्या दिवसाची एरर परत दिसत नाही.

बिल्ड सुरूच होईना. एलडी_लायब्ररी_पाथ सेट केलेला असेल तर क्रॉसटूल-एनजी काम करायला साफ नकार देतं. माझ्या बॅशआरसी ह्या शेलच्या सेटिंग फाइलमध्ये कुठल्यातरी जुन्या कामाची ती ओळ पडून होती. काढली. सुरू झालं.

एक तास वीस मिनिटांनी, जीलिबसीच्या टप्प्यावर, लाइट गेली. पाऊस धो धो. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच निकामी झाली आहे. मधले टप्पे साठवून ठेवायचा पर्याय मेन्यूत असतो, पण तो आपण निवडावा लागतो. मी निवडला नव्हता. सगळं पहिल्यापासून.

रविवार, १६ जून

टप्पे साठवायचा पर्याय टिकमार्क करून सकाळी पुन्हा लावलं. एक तास पन्नास मिनिटं. चहा-नाश्ता, बाजार उरकून आलो तेव्हा होम फोल्डरमध्ये एक्स-टूल्स तयार होतं. एक ओळ छापणारा प्रोग्रॅम बांधला, चाचणीच्या बोर्डावर नेला, आणि ती ओळ छापली गेली. आठवडाभरानंतर बोर्डाने पहिल्यांदा माझं ऐकलं. मुलीला बोलावून दाखवलं.

दुपारी एसक्यूलाइटचा चाचणी प्रोग्रॅम घेतला. लिंकरने यादीच टाकली: अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीएलओपन, डीएलसिम, डीएलक्लोज, पीथ्रेड_क्रिएट, पीथ्रेड_जॉइन, पीथ्रेड_म्युटेक्सअ‍ॅट्र_इनिट. हाच प्रोग्रॅम ह्याच मेकफाइलने (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या फाइलने) लॅपटॉपसाठी बिनबोभाट बांधला जात होता. बुधवारी उबुंटूच्या एचएफ आर्म कंपायलरनेही बांधला गेला होता. मग दोष कुणाचा? मी ठरवलं की नवी टूलचेन अर्धवट बांधली गेली आहे, थ्रेडचा काहीतरी पर्याय सुटला आहे. मेन्यूत जाऊन दोन गोष्टी बदलल्या आणि पुन्हा पूर्ण बिल्ड लावला. रात्री पावणेबारापर्यंत थांबलो. एरर तीच, अक्षरही बदललं नाही.

सोमवार, १७ जून, बकरी ईदची सुट्टी

सकाळी डोकं शांत असताना एकच प्रश्न घेतला: डीएलओपन हे नाव नेमकं कोणत्या फाइलमध्ये आहे? एनएम (फाइलमधली नावं दाखवणारी आज्ञा) चालवून टूलचेनच्या लायब्ररी बघितल्या. लिबसीमध्ये नाही. लिबडीएलमध्ये आहे. पीथ्रेड_क्रिएट लिबपीथ्रेडमध्ये आहे. लॅपटॉपवर बघितलं तर दोन्ही सरळ लिबसीमध्येच.

२०२१ च्या जीलिबसी २.३४ मध्ये लिबपीथ्रेड आणि लिबडीएल मुख्य लायब्ररीत सामावून घेतल्या. म्हणून नव्या सिस्टिमवर मायनस एलडीएल, मायनस एलपीथ्रेड लिहिलं नाही तरी चालतं, आणि २.२८ वर लिहावंच लागतं. माझी टूलचेन काल सकाळपासूनच अगदी ठणठणीत होती. मेकफाइलच्या ओळीत शेवटी ते दोन शब्द टाकले आणि चार सेकंदांत लिंक झालं. कालचे पाच तास गेले ते गेले. लॅपटॉपवर लिंक होतं म्हणजे मेकफाइल बरोबर आहे, हा माझा समज त्याला कारणीभूत होता.

मग माझा स्वतःचा जुना कोड. नवा अडथळा: मल्टिपल डेफिनिशन ऑफ पंप_चालू, फर्स्ट डिफाइन्ड हिअर. बोर्डावर चार वर्षं बांधत होतो तेव्हा ही कधी आली नव्हती. हेडर फाइलमध्ये मी इंट पंप_चालू असं सरळ लिहून ठेवलेलं, आणि ते हेडर पाच सी फाइलींमध्ये येतं. जीसीसी ९ पर्यंत अशा पाच प्रती लिंक करताना गुपचूप एकत्र व्हायच्या. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ते बंद झालं. मायनस एफकॉमन दिला की जुनी वागणूक परत येते आणि एरर जाते. मी तो दिला नाही आणि कुणाला द्यायला सांगणारही नाही. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहायचं, खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवायची. अशी अकरा नावं निघाली, वीस मिनिटांचं काम. त्यातल्या एका नावाचा प्रकार एका फाइलीत इंट आणि दुसरीत शॉर्ट होता. जुन्या कंपायलरने चार वर्षं तेही झाकून ठेवलं होतं.

बुधवार, १९ जून

एमक्यूटीटीसाठी लिबमॉस्किटो लागते. ती बोर्डावर एपीटीने बसवलेली आहे, तीच वापरायची. म्हणून चाचणीच्या बोर्डावरून लिब, यूएसआर-लिब आणि यूएसआर-इनक्लूड ही तीन फोल्डर आरसिंक ह्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने लॅपटॉपवर आणली आणि कंपायलरला सिसरूट, म्हणजे बोर्डाच्या फाइलींचं मूळ फोल्डर, म्हणून तो पत्ता दिला. वायफायवरून कॉपी व्हायला सव्वा तास.

पहिली एरर: कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ. फाइल तर डोळ्यांसमोर होती. डेबियन कुळातल्या सिस्टिम लायब्ररी यूएसआर-लिबच्या आत आर्म-लिनक्स-ग्नूईएबीआयएचएफ नावाच्या आणखी एका फोल्डरात ठेवतात. मी बांधलेल्या जीसीसीला त्या फोल्डरची माहितीच नाही. मायनस मोठा एल दिला, उपयोग नाही. तो लायब्ररीसाठी असतो. सुरुवातीच्या सीआरटी फाइलींसाठी मायनस मोठा बी देऊन तोच पत्ता सांगावा लागतो. हेडरचंही तसंच, इनक्लूडमधलं तेच उपफोल्डर मायनस आयसिस्टिमने जोडलं.

दुसरी: लिबएसएसएल.एसओ.१.१, नीडेड बाय लिबमॉस्किटो.एसओ, नॉट फाउंड. संदेशातच उपाय असतो, आरपाथ किंवा आरपाथ-लिंक. दोन्ही सारखे नाहीत. आरपाथ दिला तर माझ्या लॅपटॉपचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात कायमचा कोरला जातो. आरपाथ-लिंक फक्त लिंक करताना शोधायला वापरला जातो. दुसराच घ्यायचा.

तिसरीने रात्र घेतली. अनडिफाइन्ड रेफरन्सच्या ढिगाऱ्यात एक वॉर्निंग दिसली, युझिंग डीएलओपन इन स्टॅटिकली लिंक्ड अ‍ॅप्लिकेशन्स अशी सुरू होणारी. मी स्टॅटिक मागितलंच नव्हतं. मग हा शब्द आला कुठून? लिंकरला मायनस मायनस ट्रेस दिला. तो उचललेल्या प्रत्येक फाइलचं नाव छापतो. यादीत लिबडीएल.ए आणि लिबएम.ए होत्या, एसओ नव्हत्या. (.ए म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच शिरणारी स्टॅटिक लायब्ररी, एसओ म्हणजे चालताना बाहेरून जोडली जाणारी.)

सिसरूटमध्ये लिबडीएल.एसओ ही खरी फाइल नसून सिम्बॉलिक लिंक असते, आणि ती सुरुवातीच्या स्लॅशपासूनच्या पूर्ण पत्त्याकडे बोट दाखवते. बोर्डावर त्या पत्त्यावर फाइल आहे. लॅपटॉपवर तोच पत्ता म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं लिब फोल्डर, आणि तिथे अशी फाइल नाही. तुटलेली लिंक लिंकरने गुपचूप सोडली आणि शेजारची .ए उचलली. एक शेल लूप लिहिला: सिसरूटमधल्या सगळ्या लिंक शोध, ज्यांचं लक्ष्य स्लॅशने सुरू होतं त्यांच्यापुढे सिसरूटचा पत्ता लाव. पुन्हा लिंक. एकही एरर नाही.

आरसिंक पुन्हा चालवलं की ह्या लिंक पुन्हा मूळपदावर येतात. म्हणून लूप आणि आरसिंक एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवले.

शनिवार, २२ जून

आज मीटर. त्याच्याशी मोडबस ह्या पद्धतीने बोलण्यासाठी लिबमोडबस ही लायब्ररी.

मेकफाइलमध्ये यूएसआर-लोकल-लिबचा पत्ता होता, कारण लॅपटॉपवर मी ती कधीतरी सोर्समधून बसवली होती. लिंकर म्हणाला: स्किपिंग इनकम्पॅटिबल लिबमोडबस.एसओ, आणि खाली कॅनॉट फाइंड मायनस एलमोडबस. ह्या जोडीतली पहिली ओळ महत्त्वाची. दुसरी वाचून माणूस लायब्ररी पुन्हा बसवायला धावतो. पहिली सांगते की लायब्ररी सापडली आहे, पण ती दुसऱ्या मशीनची आहे. फाइल ही आज्ञा चालवली, एक्स८६-६४ असं उत्तर आलं.

बोर्डासाठी लिबमोडबस वेगळी बांधली. कॉन्फिगर ह्या बिल्डची तयारी करणाऱ्या स्क्रिप्टला होस्ट म्हणून माझ्या टूलचेनचं नाव दिलं, फक्त स्टॅटिक मागितली, म्हणजे बोर्डावर वेगळी फाइल ठेवायला नको. प्रोग्रॅमला जोडायला गेलो तर: अनडिफाइन्ड रेफरन्स टू आरपीएल_मॅलॉक.

आरपीएल_मॅलॉक मी लिहिलं नाही, लिबमोडबसच्या सोर्समध्येही शोधून सापडेना. ते कॉन्फिगर स्क्रिप्टचं काम निघालं. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक (मेमरी देणारं फंक्शन) काय देतो हे बघायला ती स्क्रिप्ट एक प्रोग्रॅम बांधून चालवून बघते. क्रॉस कंपाइल करताना तो चालवता येत नाही, म्हणून जुन्या ऑटोकॉन्फच्या स्क्रिप्ट सरळ वाईट गृहीत धरतात आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक हे नाव घालतात. ते फंक्शन कुणी दिलेलं नसतं. कॉन्फिगरच्या आधी एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस असं लिहून उत्तर आपणच सांगायचं. मेक क्लीन करून पुन्हा बांधली, ते नाव गेलं.

एवढं झाल्यावरही शेवटचा अडथळा राहिला: अनडिफाइन्ड रेफरन्स टू मोडबस_न्यू_आरटीयू. लायब्ररी बरोबर मशीनची, एनएममध्ये नावासमोर टी, म्हणजे फंक्शन आत आहे. तरी सापडत नाही. माझ्या मेकफाइलमध्ये लायब्ररी आधी आणि ऑब्जेक्ट फाइली नंतर होत्या. लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. .ए फाइलपाशी पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे मागण्यांची यादी असेल तरच तिच्यातून काही काढून घेतो. माझी मागणी पुढच्या फाइलमध्ये होती, तोवर लायब्ररी मागे पडलेली. आतापर्यंत बोर्डावर एसओ वापरत होतो म्हणून हे खपून गेलं. क्रम बदलला: आधी ऑब्जेक्ट, मग मोडबस, मग मॉस्किटो, शेवटी डीएल, पीथ्रेड, एम.

संध्याकाळी साडेसातला पूर्ण प्रोग्रॅम लिंक झाला. रीडएल्फ: व्ही६, हार्ड-फ्लोट. मोठ्या व्हीने मागितलेल्या आवृत्त्या बघितल्या, जीलिबसी २.२८ च्या पुढचं काही नाही. एसक्यूलाइटसकट पूर्ण बिल्डला लॅपटॉपवर पाऊण मिनिट लागतं.

रविवार, २३ जून

लिंक झालेला प्रोग्रॅम बोर्डावर सुरू झाला आणि तिथेच गोल फिरत बसला. सीपीयू १०० टक्के, एकही नोंद नाही. लॅपटॉपवरचा बिल्ड मात्र नीट चालतो.

ही लिंकरची चूक नव्हे, पण मशीन बदलल्यामुळेच आलेली आहे, म्हणून लिहितो. डेटाबेस कुठे ठेवायचा ते सांगायला मी नव्याने गेटऑप्ट (आज्ञेसोबत दिलेले पर्याय वाचणारं फंक्शन) वापरलं होतं, आणि त्याचं उत्तर कॅर प्रकारात घेतलं होतं. पर्याय संपले की गेटऑप्ट उणे एक देतं. इंटेल मशीनवर कॅर साइन्ड, म्हणजे उणे आकडेही धरणारा असतो, त्यात उणे एक उणे एकच राहतो. आर्मवर लिनक्समध्ये कॅर अनसाइन्ड असतो, उणे एकचा २५५ होतो, आणि लूप कधी संपतच नाही. कॅरचा इंट केला. तीन अक्षरांच्या बदलासाठी दुपार गेली.

हे शोधताना एक चांगली सोय हाती लागली. लॅपटॉपवर क्यूएमयू-आर्म (आर्म प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) घेतलं, त्याला मोठ्या एलने सिसरूट आणि सीपीयू म्हणून आर्म११७६ दिलं की बोर्डाचा प्रोग्रॅम लॅपटॉपवरच चालतो. हे ९ तारखेला केलं असतं तर इलीगल इन्स्ट्रक्शन बोर्डाला हात न लावता दिसली असती. आता मेकफाइलमध्ये बिल्डनंतर ही चाचणी आपोआप होते.

बुधवार, २६ जून

चाचणीचा बोर्ड तीन दिवस टेबलावर चालू ठेवला. मुद्दाम सात वेळा वीज तोडली, प्रोग्रॅम लिहीत असतानाही. सातही वेळा डेटाबेस नीट उघडला, आधीच्या सगळ्या नोंदी जागेवर. मेमरी पहिल्या दिवशी होती तेवढीच.

शनिवार, २९ जून

पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा दुपारी काकांना घेऊन गच्चीवर गेलो. त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, अर्धा तास पंप हाताने बघावा लागेल." ते स्टार्टरपाशी खाली एका माणसाला बसवूनच वर आले. जुनी फाइल नाव बदलून तशीच ठेवली, नवी बाजूला टाकली, सर्व्हिस पुन्हा सुरू केली. अकरा सेकंद बंद होतं.

काका टाकीच्या झाकणाशी वाकून बघत होते. म्हणाले, "पट्टीवर चार फूट दोन इंच." मी मोबाइलवर बघितलं, १२७ सेंटीमीटर. मग त्यांनी खाली हाक मारून पंप लावायला सांगितला. टेबलमध्ये करंटची पहिली ओळ पडली, ६.८ अँपिअर, वेळ १५:४२:०९.

एकूण हिशेब: २,०७० रुपये, साधारण ३७ तास. त्यातले नऊ तास टूलचेन बांधण्यात, तिसऱ्यांदा केलेला बिल्ड धरून. टूलचेनची सेटिंग फाइल, सिसरूटची स्क्रिप्ट आणि मेकफाइल एका पेनड्राइव्हवर घेऊन सोसायटीच्या कपाटात पंपाच्या वॉरंटी कार्डासोबत ठेवली आहेत. जुलैच्या मीटिंगला पंपाचे तास काढून द्यायचे आहेत.